गुडघाभर गवताला कोणतं मशीन?

पावसाळा संपता संपता कोकणातल्या आंबा-काजूच्या बागेत गुडघाभर गवत, त्यात दगड आणि उतार. तिथे चाकांचा लॉन मोवर विसरा, तो सपाट हिरवळीसाठी. घ्यायचा तो पेट्रोलवरचा ग्रासकटर. टू-स्ट्रोक हलका, पण पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मोजूनच घालायचं. माहितीपुस्तिकेत ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. नुसतं पेट्रोल ओतलंत तर पिस्टन जाम झालाच म्हणून समजा! फोर-स्ट्रोकला ही कटकट नाही, वजन मात्र जास्त. झुडपांना ब्लेड, मऊ गवताला नायलॉन दोरी. कलमांच्या बुंध्याशी मात्र दोन्ही नको, साल सोलते. तिथे विळाच बरा. आणि पैसे मोजण्याआधी विचारा, कार्ब्युरेटर, क्लच तालुक्याला मिळतो का? नाहीतर ऐन हंगामात मशीन पडवीत. हो, गॉगल घातल्याशिवाय स्टार्टर ओढू नका. खडे गोळीसारखे उडतात.