आकडी खडखडू लागली? कोयता पडण्याची वाट पाहू नका

सकाळी पाणंदीतून कुणी बागेकडे निघाला, की माणूस दिसण्याआधी त्याची आकडी ऐकू येते. पावलागणिक खट्‌, खट्‌. कोकणात हा आवाज इतका सवयीचा झाला आहे, की त्यात काही बिघडलं आहे असं आपल्याला वाटतच नाही. मलाही वाटत नव्हतं.

घाटमाथ्यावरून बदली होऊन आलेल्या अधिकारी-कर्मचारी मंडळींसाठी थोडं सांगतो. आकडी म्हणजे कमरेला मागच्या बाजूला दोरीने बांधलेला लाकडी ठोकळा. त्याला उभी खाच असते. त्या खाचेत कोयत्याचं पातं सोडायचं. मूठ वर राहते, पातं खाली लोंबतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. माडावर चढणाऱ्याला तर याशिवाय गत्यंतर नाही.

काही वर्षांपूर्वी एका बागेत पाहणीसाठी गेलो होतो. चढणारा गडी अनुभवी. वीस-पंचवीस फुटांवर पोचला आणि पाय बदलताना कंबर जरा तिरकी झाली. कोयता आकडीतून निसटला आणि नारळ गोळा करणाऱ्या पोरापासून हातभर अंतरावर मातीत रुतला. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. तेवढ्या उंचीवरून वस्तू खाली यायला जेमतेम सव्वा सेकंद लागतो. नंतर त्या गड्याला विचारलं, तर म्हणाला, "साहेब, चार महिने खडखडत होती. म्हटलं, करू कधीतरी."

सांगायचं ते एवढंच. आकडीचा आवाज म्हणजे तिने दिलेली सूचना आहे. चार महिने ती सांगत होती.

आवाज कशाने होतो?

पातं खाचेत हलतं, एकदा या भिंतीला आणि एकदा त्या भिंतीला आपटतं. लोखंड कठीण, लाकूड मऊ. प्रत्येक ठोक्याला लाकूड थोडं झिजतं, खाच रुंदावते, मग पातं आणखी हलतं. म्हणजे सैल आकडी आपोआप अधिकच सैल होत जाते. शिवाय धार लाकडावर आपटून बोथट होते, ती वेगळीच.

काही जुनी मंडळी म्हणतात, "आवाज असलेला बरा, जनावर बाजूला होतं." सापाला जमिनीतली थरथर चांगली कळते हे खरं. पण त्यासाठी पाय आपटत चला, हातात काठी ठेवा. ते काम सैल कोयत्यावर सोपवू नका.

भिजवून घट्ट करू नका

आकडी सैल झाली की रात्रभर पाण्यात टाकायची, हा आपल्याकडचा सोपा उपाय. सकाळी ती घट्ट वाटते हे खरं आहे. खाचेच्या तोंडाचं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि तेवढ्यापुरती पकड येते. पण फुगलेलं लाकूड पात्याने दाबलं जातं. ऊन लागून वाळलं, की ते पूर्वीपेक्षाही आकसतं. पुन्हा पुन्हा ओलं-सुकं होऊन लाकडाला चिरा जातात, आणि ओल्या खाचेत पातं गंजतं. एका दिवसाच्या सोयीपायी आकडीचं आयुष्य कमी होतं. शिवाय माड चढताना ती दुपारी सैल होईल की संध्याकाळी, हे कुणी सांगावं?

आधी दोष शोधा

दुरुस्ती करण्यापूर्वी आकडी धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. मग तीन गोष्टी बघा.

पहिली, दोरी. पुष्कळदा खाच ठीक असते, पण दोरी ढिली होऊन सबंध आकडीच कमरेवर नाचते. तसं असेल तर दोरी बदलली की काम झालं.

दुसरी, चीर. खाचेच्या टोकाला किंवा दोरीच्या भोकापाशी लाकूड तडकलं असेल, तर सरस लावून, खिळा मारून वेळ मारून नेऊ नका. ती आकडी चुलीत घाला आणि सुताराकडून नवी करून घ्या.

तिसरी, झीज. कोळशाची बारीक पूड खोबरेल तेलात कालवून पात्याच्या दोन्ही अंगांना पातळ लावा. पातं खाचेत घाला, थोडं हलवा आणि काढा. जिथे काळं लागलं तिथे पातं टेकतं, जिथे लाकूड कोरं राहिलं तिथे पोकळी आहे. भरायची ती पोकळी, सबंध खाच नव्हे. नंतर तेलकट पूड नीट पुसून काढा. तेल राहिलं तर सरस धरणार नाही.

अस्तर कसं लावावं?

जुन्या कोल्हापुरी चपलेचा चांगला पट्टा घ्या. चामडं दाबलं जातं आणि पकड देतं. त्यातून खाचेच्या लांबीची पट्टी कापा. ती खाचेच्या एकाच भिंतीला, पात्याच्या पाठीकडच्या अंगाला बसवा. धारेकडच्या अंगाला अस्तर नको, धार ते पहिल्याच आठवड्यात कापून टाकेल.

पट्टी सुतारकामाच्या सरसाने चिकटवा. दोन्ही टोकांना बारीक पितळी चुका मारा आणि त्यांची डोकी चामड्यात बुडवा. वर राहिली तर पात्यावर ओरखडे पडतील. एक दिवस दाबून ठेवा आणि मगच पातं घालून बघा. घट्ट झाली तर चामडं तासता येतं. म्हणून आधी लाकूड कोरायला घेऊ नका.

चामडं नसेल तर बांबूच्या पाठीची पातळ चोय चालते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा निकडीला ठीक, पण त्यामागे पाणी अडतं, म्हणून तो कायमचा उपाय नव्हे. चिंधी किंवा काथ्या तर मुळीच कोंबू नका. दोन्ही ओल धरून ठेवतात, आणि आपल्या खाऱ्या हवेत पात्याला गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.

किती घट्ट असावी?

कोयता एका हाताने, झटका न देता निघाला पाहिजे. ओढाओढी करावी लागली तर हात कापून घ्याल. आणि आकडी आडवी धरून हलवली तरी पातं आपणहून बाहेर येता कामा नये. ही परीक्षा कमरेला बांधून करू नका. आकडी हातात घ्या, गुडघ्याच्या उंचीवर, मऊ मातीवर धरा आणि पोरांना लांब उभं करा.

लाकूड पावसात एक असतं, वैशाखात दुसरं असतं. म्हणून वर्षातून दोनदा, पावसापूर्वी आणि दिवाळीच्या सुमारास, ही परीक्षा घ्या. घरी आल्यावर कोयता आकडीत ठेवू नका. पुसून, तेलाचा हात फिरवून, पोरांचा हात पोचणार नाही असा ठेवा. चामड्याच्या अस्तरात ओलं पातं राहिलं तर ते गंजतंच.

गावाने काय करावं?

नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचं प्रशिक्षण सुरू केलं. तरीही आपल्याकडे अनेक माणसं अजून पायानेच चढतात, आणि बाणवलीचा जुना माड पन्नास-साठ फूट सहज असतो. चढणारा गडी मजुरीवर येतो. त्याची आकडी बघणं हे आपलं काम नाही, असं बागायतदाराला वाटतं. पण माड तुमचा, खाली उभी असलेली माणसंही तुमचीच. चढण्याआधी दोन मिनिटं आकडी बघा, आणि कोयता वर असेपर्यंत माडाखाली कुणाला जाऊ देऊ नका.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक विनंती. पावसाच्या तोंडावर गावातला सुतार आणि लोहार यांना अर्धा दिवस देवळाच्या पारावर बसवा. ज्याची आकडी खडखडते त्याने घेऊन यावी, मुठी आणि धारही तिथेच बघून घ्याव्यात. अपघात झाल्यावर पंचनामा, दाखले आणि मदतीचे अर्ज यांत जितके दिवस जातात, त्यापुढे हा अर्धा दिवस काहीच नाही.

आणि एवढं करूनही कोयता लागलाच, तर जखमेवर माती, तंबाखू, चुना लावू नका. स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा, दवाखाना गाठा आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.

उद्या सकाळी बागेत निघताना दहा पावलं कान देऊन चाला. खट्‌ खट्‌ ऐकू आलं, तर त्या दिवशी माडावर चढू नका. आधी आकडी नीट करा.