पल्लामापक कॅमेऱ्यावरील जोडकडी

एका पद्धतीच्या जोडासाठी तयार केलेले भिंग दुसऱ्या पद्धतीच्या जोडाच्या कॅमेऱ्यावर बसविता यावे म्हणून दोहोंच्या मध्ये जे धातूचे कडे घालतात, त्यास जोडकडे किंवा अडॅप्टर म्हणतात. फिल्म वापरणाऱ्या पल्लामापक (रेंजफाइंडर) कॅमेऱ्याच्या बाबतीत हे साधे दिसणारे कडे विशेष काटेकोरपणे बनवावे लागते. एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यात छायाचित्रकार भिंगातून पडलेली प्रतिमाच पाहत असल्यामुळे कड्यातील दोष त्यास तत्काळ दिसतो. पल्लामापक कॅमेऱ्यात तो निराळ्या खिडकीतून पाहतो. भिंग नेमके कोठे केंद्रित झाले आहे हे त्या खिडकीत दिसत नाही आणि चूक झाली असल्यास ती फिल्म धुतल्यानंतरच उघडकीस येते.

या कॅमेऱ्यात दोन खिडक्यांतून येणाऱ्या प्रतिमा एकमेकींवर जुळविल्या म्हणजे वस्तूचे अंतर ठरते. भिंग पुढे-मागे सरकले की त्याच्या मागील कडेवरील कॅम कॅमेऱ्यातील एका तरफेच्या चाकास ढकलतो व तरफ पल्लामापकाचा आरसा वा लोलक फिरविते. अशी भिंगाशी जोडलेली यंत्रणा लायका II आणि झाइस इकॉन कंपनीचा कॉन्टॅक्स या दोन्ही कॅमेऱ्यांत १९३२ मध्ये आली. लायकाची यंत्रणा सुमारे ५१.६ मिमी. केंद्रांतराच्या भिंगास अनुसरून आखलेली आहे. या केंद्रांतराच्या भिंगात कॅम भिंगाइतकाच सरकतो. इतर भिंगांत दोहोंच्या सरकण्यातील फरक कॅमच्या आकाराने किंवा दुहेरी मळसूत्राने भरून काढतात.

बैठक-अंतर : भिंगाचे कडे कॅमेऱ्याच्या ज्या पृष्ठभागावर टेकते तेथपासून फिल्मच्या प्रतलापर्यंतच्या अंतरास येथे बैठक-अंतर म्हटले आहे. जोडकड्याचा उपयोग करता येईल किंवा नाही हे प्रामुख्याने यावरच ठरते. लायकाच्या जुन्या, आट्यांच्या जोडाचा व्यास ३९ मिमी. असून त्यास इंचास २६ आटे असतात. त्याचे बैठक-अंतर २८.८ मिमी. आहे. लाइट्स कंपनीने १९५४ मध्ये लायका एम ३ हा बॅयोनेट जोडाचा कॅमेरा काढला, तेव्हा बैठक-अंतर २७.८ मिमी. ठेवले. हा १ मिमी.चा फरक हेतुपूर्वक राखलेला होता. तेवढ्याच जाडीचे कडे घातले की जुनी सर्व भिंगे नव्या कॅमेऱ्यावर पल्लामापकासह चालू लागली. ग्राहकाजवळच्या जुन्या भिंगांचा इतका विचार नवा जोड आखताना क्वचितच झालेला आढळतो. उलट दिशेने मात्र हे साधत नाही. एम जोडाचे भिंग आट्यांच्या कॅमेऱ्यावर बसविण्यास उणे १ मिमी. जाडीचे कडे लागेल.

कड्याच्या जाडीत चूक झाल्यास काय होते हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. कडे ०.०५ मिमी. जास्त जाड आहे असे मानू. भिंग तेवढे पुढे जाते व अनंत अंतरावर लावले असता प्रत्यक्षात सुमारे ५३ मी. अंतरावर केंद्रित होते. परंतु त्याबरोबर कॅमही तितकाच पुढे गेलेला असतो. त्यामुळे ५० मिमी.च्या भिंगाबाबत पल्लामापकही जवळजवळ तेच अंतर दाखवितो व जवळची छायाचित्रे बिघडत नाहीत. केवळ दूरचे दृश्य किंचित अस्पष्ट होते. ९० मिमी.च्या भिंगाची गोष्ट वेगळी आहे. कॅमच्या हालचालीच्या सुमारे तिप्पट हालचाल या भिंगास करावी लागत असल्याने ०.०५ मिमी.च्या चुकीतून फिल्मवर सुमारे ०.१ मिमी.ची चूक उद्‌भवते. एफ/२.८ या द्वारकास (प्रकाश आत येऊ देणाऱ्या छिद्रास) साधारणपणे ०.०८ मिमी.पर्यंतची चूक चालते. म्हणजे पल्लामापकात प्रतिमा तंतोतंत जुळूनही चित्र अस्पष्ट येते. केवळ ५० मिमी.च्या भिंगावर तपासून कडे निर्दोष ठरविण्याची पद्धत यामुळे फसवी आहे.

दृश्यचौकटी : एम श्रेणीच्या कॅमेऱ्यात भिंग बसविताच त्याच्या केंद्रांतराची चौकट खिडकीत उमटते. जोडकड्याच्या कडेवरील एका भागाच्या लांबीवरून कॅमेरा ती निवडतो. म्हणून कडी तीन प्रकारची करतात. पुढील काळातील कॅमेऱ्यांत ती ५० व ७५, २८ व ९० आणि ३५ व १३५ मिमी. अशा जोड्यांच्या चौकटी आणतात. चुकीचे कडे घातल्यास चित्राची स्पष्टता बिघडत नाही, पण चौकट भलतीच दिसते.

आट्यांचा लायका जोड जपानमध्ये कॅननने आणि सोव्हिएट संघात फेड व झोर्की कॅमेऱ्यांनी स्वीकारला, त्यामुळे एकाच कड्याने अनेक देशांची भिंगे एम कॅमेऱ्यावर येऊ शकतात. समान जोडाचे महत्त्व १९५० मध्ये ठळकपणे दिसून आले. लाइफ नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी कोरियातील युद्धात आपल्या लायका कॅमेऱ्यांवर आट्यांच्या जोडाची निक्कोर भिंगे वापरली व त्या जपानी भिंगांची कीर्ती अमेरिकेत पसरली. मात्र आटे जुळले म्हणजे भिंग जुळले असे नव्हे. सोव्हिएट झेनिट या परावर्ती कॅमेऱ्याच्या सुरुवातीच्या भिंगांचे आटेही ३९ मिमी.चेच आहेत, बैठक-अंतर मात्र सुमारे ४५.२ मिमी. आहे. असे भिंग पल्लामापक कॅमेऱ्यावर सहज फिरवून बसते, पण फिल्मच्या १६ मिमी.हून अधिक जवळ येत असल्याने कोणतीही प्रतिमा केंद्रित करू शकत नाही. जुन्या मालाच्या बाजारात ही दोन प्रकारची भिंगे एकत्र मिसळलेली असतात, तेव्हा मागील बाजूस पल्लामापकाचा कॅम आहे की नाही हे पाहूनच भिंग घ्यावे.

कॉन्टॅक्स व निकॉन : कॉन्टॅक्समध्ये ५० मिमी. भिंगास पुढे-मागे सरकविणारी मळसूत्री नळी कॅमेऱ्यातच असते. म्हणून अशी भिंगे लायकावर नेण्यासाठी सपाट कडे पुरत नाही. जोडकड्यातच स्वतंत्र मळसूत्री नळी व कॅम बसवावा लागतो. कॉन्टॅक्सचे बैठक-अंतर सुमारे ३४.८५ मिमी. असल्याने एम कॅमेऱ्यावर यासाठी ७ मिमी. इतकी जागा मिळते. असे कडे म्हणजे जवळजवळ भिंगाचा निम्मा सांगाडाच असतो व त्याची किंमतही त्या मानाने असते.

निकॉनने १९४८ मध्ये आपल्या पहिल्या कॅमेऱ्यास कॉन्टॅक्ससारखा जोड दिला, परंतु पल्लामापक यंत्रणा लायकाच्या ५१.६ मिमी. या मानावर ठेवली. कॉन्टॅक्सचे मान ५२.४ मिमी. आहे. त्यामुळे दोन्हींची भिंगे एकमेकांच्या कॅमेऱ्यांवर कोणत्याही कड्याशिवाय बसतात आणि तरीही पूर्णपणे जुळत नाहीत. २८ व ३५ मिमी.च्या भिंगांत क्षेत्र-खोली मोठी असल्याने फरक झाकला जातो. ८५ व १३५ मिमी.च्या भिंगांत द्वारक पूर्ण उघडे ठेवून जवळचे चित्र घेतल्यास तो स्पष्ट दिसतो. कॉन्टॅक्सवरून घडविलेल्या किएव्ह कॅमेऱ्यांनाही हेच लागू पडते. कोसिना कंपनीने २००२ मध्ये या जोडांसाठी बेसा आर २ एस व आर २ सी असे दोन निराळे कॅमेरे काढले, यावरून हा फरक केवळ कागदोपत्री नाही हे ध्यानात येईल.

परावर्ती कॅमेऱ्यांची भिंगे : आरशास जागा हवी म्हणून या कॅमेऱ्यांचे बैठक-अंतर मोठे असते, निकॉन एफ जोडाचे ते ४६.५ मिमी. आहे. साहजिकच १८.७ मिमी. लांबीच्या नळीवजा कड्याने ही भिंगे एम कॅमेऱ्यावर बसतात. मात्र अशा बहुतेक कड्यांत पल्लामापकाशी जोड नसतो. अंतर अदमासाने किंवा मोजपट्टीने ठरवून भिंगावरील आकड्यांवर लावावे लागते. २१ मिमी.च्या भिंगास एफ/८ द्वारक ठेवून अंतर १.९ मी.वर लावले, तर सुमारे १ मी.पासून अनंतापर्यंत सर्व स्पष्ट येते व पल्लामापकाची उणीव जाणवत नाही. याउलट ९० मिमी., एफ/२.८ व ३ मी. अंतर असता स्पष्टतेची पट्टी जेमतेम १९ सेंमी. असते, तेथे अदमासाचा उपयोग नाही. अशा वापरासाठी कडे विकत घेण्यापेक्षा एखादा जुना परावर्ती कॅमेरा घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

आणखी एक धोका यांत्रिक आहे. काही भिंगांचा मागील भाग कॅमेऱ्यात खोलवर जातो. लायका एम ५ (१९७१) व लायका सीएल (१९७३) यांत प्रकाशमापकाचा दांडा फिल्मसमोर येऊन पुन्हा बाजूस होतो. त्याला असे भिंग किंवा आत ढकललेले घडीचे भिंग लागून तो मोडू शकतो.

जोडकडे घेतल्यावर त्याची चाचणी फिल्म भरण्यापूर्वी करावी. ज्या कॅमेऱ्याची पाठ उघडते त्यात फिल्मच्या रुळांवर दुधी काच ठेवतात, झडप उघडी धरतात व दूरच्या वस्तूची प्रतिमा विशालकाने तपासतात. लायका खालून भरला जात असल्याने ही सोय तेथे नीटशी मिळत नाही. तेव्हा तिरपी ठेवलेली मोजपट्टी पल्लामापकाने एका ठरावीक आकड्यावर जुळवून, द्वारक पूर्ण उघडून काही चित्रे घेतात. धुतलेल्या फिल्मवर सर्वांत स्पष्ट आलेला आकडा व जुळविलेला आकडा यांतील अंतर ही चूक होय. ही चाचणी जवळच्या, मधल्या व दूरच्या अशा तीन अंतरांवर आणि ज्या भिंगांसाठी कडे घेतले त्यांपैकी सर्वांत लांब केंद्रांतराच्या भिंगावर करणे इष्ट असते.