कुंडीतली मिरची: बी ते पहिला तोडा

काल शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, माझ्या मिरचीला फुलं येतात आणि गळून जातात. काय करू?" म्हणून ही पोस्ट.

मी बी विकत आणत नाही. डब्यातली वाळलेली संकेश्वरी मिरची फोडते. टपोरं, पिवळसर बी ठेवायचं, काळपट टाकून द्यायचं. रात्रभर भिजवून मे अखेरीस अर्धा सेंटिमीटर खोल पेरते. ऊब असेल तर 8 ते 12 दिवसांत कोंब दिसतो.

खरी चार-सहा पानं आली की संध्याकाळच्या वेळी रोप 12 इंची कुंडीत हलवायचं. दिवसाला निदान पाच-सहा तास ऊन हवंच.

आता फुलगळ. पारा 35 अंशांच्या वर गेला, नत्र जास्त झालं किंवा पाण्याची ओढ बसली की फुलं गळतात. काकूंच्या कुंडीत बोट खुपसलं, तर दोन पेरं खोलपर्यंत माती कोरडी ठक्क!

पानं वरच्या बाजूला वळून आकसली, तर शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. बारीक पिवळट किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून पानांच्या खालूनही फवारा. उन्हात मात्र फवारू नका.

रोप हलवल्यापासून साधारण दोन-अडीच महिन्यांत पहिला तोडा मिळतो. हिरव्या मिरच्या काढत राहा, झाड फुलत राहतं. पुढच्या वर्षीच्या बियांसाठी दोन-तीन झाडावरच लाल होऊ द्या.

तुमच्या मिरचीचं काही अडलं असेल तर पानाचा फोटो टाका, नक्की सांगते.