पावसाळ्यानंतरचा पहिला रविवार

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला की आमच्या सायकली पडवीत जातात, आणि ऑक्टोबर उजाडला की परत बाहेर येतात. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईच्या पट्ट्यातून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. युरोपात बर्फ वितळल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये सायकलवाल्यांचा मोसम सुरू होतो. आपल्याकडे तो भात पिकून पिवळे पडल्यावर सुरू होतो. पालघर, बोईसर, तारापूर, मनोर या भागांतले आम्ही सात-आठ जण गेली काही वर्षे दर रविवारी फजरनंतर निघतो. कुणी शिक्षक, कुणी मेडिकल स्टोअरवाला, दोघे एमआयडीसीत नोकरीला, आणि सर्वांत वडील म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले मामू. ते खरे तर आमच्यातल्या एकाचेच मामू, पण आता सगळ्यांचेच झाले आहेत.

हा लेख लिहायचे कारण गेल्या वर्षीचा पहिला रविवार. त्या दिवशी जे घडले ते आमच्या घाईमुळे घडले, हे आधीच कबूल करतो.

चार महिने पाय पॅडलला लागले नव्हते. तरी व्हॉट्सअॅपवर ठरले, बोईसरहून चिल्हार फाट्यापर्यंत जायचे आणि परत यायचे, म्हणजे चाळीसेक किलोमीटर. मामूंच्या सायकलच्या चेनला गंज होता, मागचा ब्रेक घासून संपत आला होता. "अरे, रस्ता सपाट आहे, ब्रेक कशाला लागतोय?" असे म्हणून आम्हीच हसलो. बोईसर–चिल्हार हा तारापूर औद्योगिक वसाहतीला मुंबई–अहमदाबाद महामार्गाशी जोडणारा रस्ता. रविवार असो की ईद, टँकर आणि कंटेनर थांबत नाहीत. परतताना, वसाहतीच्या थोडे अलीकडे, मागून एका कंटेनरने हॉर्न दिला. मामू दचकून डावीकडे सरकले. डांबराची कड आणि बाजूची साइडपट्टी यांत चार बोटांची खोली होती, वर पावसाने वाहून आणलेली बारीक खडी. पुढचे चाक खाली उतरले आणि मामू खांद्यावर आपटले.

आमच्याआधी त्यांच्यापर्यंत पोहोचला तो एक कामगार. काळी जुनी सायकल, हँडलला डब्याची पिशवी, सकाळच्या पाळीला निघालेला. "चाचा, हिलना मत," म्हणत त्याने गळ्यातला गमछा काढला आणि मामूंचा हात छातीशी बांधून टाकला. आमच्यापैकी एकाच्याही खिशात साधी पट्टी नव्हती. दहा-दहा हजारांच्या वर किमतीच्या सायकली, हातात मोजे, आणि कामाला आला तो गमछा. रिक्षा मिळेपर्यंत तो थांबला. नंतर कळले, गेटवर उशीर झाला म्हणून त्याचा अर्धा दिवस कापला गेला.

मामूंचे हासळीचे हाड मोडले होते. दीड महिना हात झोळीत. मुमानींनी घरी भेटायला गेलेल्या आम्हा सर्वांना चहा दिला आणि एकच वाक्य बोलल्या, "पोरांबरोबर पोर व्हायची हौस फिटली ना आता?" उत्तर कुणाकडे नव्हते. आमच्यातल्या दोघांच्या घरूनही बंदी आली. घरच्यांचे चुकत होते असे आम्ही म्हणणार नाही. याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटारीत बसलेले असताना अपघाती मृत्यू झाला. मोटारीत बसलेल्याची ती गत, मग दोन चाकांवर उघड्या अंगाने जाणाऱ्याच्या घरच्यांनी काळजी का करू नये?

मग सायकल सोडायची का? आमच्यातल्या दोघांना साखरेचा त्रास आहे, एकाचा रक्तदाब रविवारच्या फेऱ्या सुरू केल्यापासून आटोक्यात आला. मुलांना मोबाइलमधून उठवून बाहेर काढणारी एवढी स्वस्त गोष्ट दुसरी आम्हाला माहीत नाही. म्हणून यंदा आम्ही सप्टेंबरमध्येच बसलो, मामूंच्याच घरी, आणि काय चुकले ते एकेक काढले.

पहिली चूक अंतराची. चार महिन्यांनंतर पहिल्या रविवारी पंधरा-वीस किलोमीटर पुरे. पुढच्या रविवारी पाच वाढवा. महिन्याच्या शेवटी चाळीस-पन्नास आपोआप येतात. ऑक्टोबरचे ऊन फसवे असते. सकाळी सहाला गारवा, नऊला डोके तापते. तासाला अर्धा लिटर पाणी पोटात गेलेच पाहिजे, आणि तहान लागायची वाट न पाहता. साखरेची गोळी घेणाऱ्याने रिकाम्या पोटी निघू नये, दोन खजूर खाऊन निघावे आणि आणखी चार खिशात ठेवावेत.

दुसरी चूक सायकलची. पावसाळ्यात उभ्या सायकलला वापरातल्या सायकलपेक्षा जास्त गंज चढतो. चेन रॉकेलने धुऊन, पुसून, कोरडी करून मग तेल द्यायचे आणि वरचे जास्तीचे तेल फडक्याने पुसून टाकायचे, नाहीतर धूळ बसून त्याचाच कानस होतो. ब्रेकचे रबर पाहा. टायरच्या बाजूला बारीक चिरा दिसल्या तर टायर बदला, तिथे कंजुषी नको. चाक उचलून फिरवा, डुलत असेल तर दुकानात जाऊन आउट काढून घ्या. सीटची उंची पाहायला सोपी खूण आहे: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली, पॅडल अगदी खाली असले, की पाय सरळ व्हायला हवा. आपल्याकडे निम्मे लोक सीट खाली ठेवून चालवतात आणि गुडघा दुखतो म्हणून सायकलला दोष देतात.

तिसरी चूक मोठी, आणि ती रस्त्यावर कुठून चालवायचे याची. आपल्याला वाटते, जितके कडेला तितके सुरक्षित. मामू कडेलाच होते. कडेपासून दीड-दोन फूट आत चालवले तर मागचा वाहनवाला आपल्याला गृहीत न धरता वळसा घालतो आणि आपल्याला डावीकडे सरकायला जागा उरते. मोठा कंटेनर शेजारून जाताना त्याची हवा आधी बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. त्या क्षणी हँडल घट्ट आवळू नये, कोपर सैल ठेवावेत, मागे वळून पाहू नये.

चौथी गोष्ट रस्ता निवडण्याची. महामार्ग आणि चिल्हार रस्ता आम्ही सोडून दिले. वाढवण बंदर, बुलेट ट्रेन, मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग अशी कामे चालू असल्याने डंपर वाढले आहेत आणि त्यांच्यातून सांडलेली खडी वळणावर बरोबर सायकलच्या वाटेत पडते. पण पालघर तालुक्याला समुद्राने एक दुसरा रस्ता दिला आहे.

पालघरहून माहीम आणि पुढे केळवे. दोन्ही बाजूंना नारळ, केळी, विड्याच्या पानांचे मळे, मध्ये मध्ये जुनी कौलारू घरे. जाऊन-येऊन पंचवीस-तीस किलोमीटर होतात आणि एकही चढ असा नाही की उतरावे लागेल. केळव्याला सुरूच्या बनात सायकली टेकवून शहाळे प्यायचे आणि ऊन चढायच्या आत परतायचे. दुसरी वाट शिरगाव आणि सातपाटीची. शिरगावचा किल्ला लहान पण तटाबुरुजासह नीट उभा आहे, मुलांना फार आवडतो. सातपाटी जवळ आली की वास सांगतो, बोंबील वाळत घातलेले असतात. आमच्यातला एकजण परतताना हँडलला पापलेटची पिशवी लटकवतो. तोल जातो म्हणून आम्ही ओरडतो, पण दुपारी बोलावणे त्याच्याच घरचे असते, त्यामुळे जपून ओरडतो.

बोईसरकरांसाठी तारापूर आणि चिंचणी जवळची. तारापूरचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून जिंकला. त्याच नावाचे अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीज देत आहे, देशातले हे पहिले. केंद्राच्या कुंपणाजवळ थांबून फोटो काढायच्या भानगडीत पडू नये, एवढे मुलांना बजावून ठेवा. चिंचणीच्या पुढे वरोर, वाढवण ही किनाऱ्याची गावे. चढ हवाच असेल तर पालघरहून मनोरच्या रस्त्याला वाघोबा खिंड आहे, पण ती तिसऱ्या-चौथ्या रविवारी, आणि उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत. माकडे अचानक रस्त्यात येतात.

जाड टायरच्या सायकली असलेली आमची तरुण मंडळी मात्र रस्ता सोडून पाड्यांकडे वळतात. बोईसरजवळ वारांगडे गावाच्या बाजूने असावा किल्ल्याच्या पायथ्याकडे जाणारी कच्ची वाट त्यांची आवडती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला या वाटा वरून वाळलेल्या दिसतात, आत चिखल असतो. चाक रुतले की ब्रेक न मारता पॅडल चालू ठेवायचे. टायरमधली हवा थोडी कमी ठेवली की पकड येते. आमचा त्यांना एकच आग्रह असतो. भात उभे असताना बांधावरून सायकल घालायची नाही. कापणी होऊन खळे पडले की शेतकरी स्वतःच हात करून बोलावतो.

भाभी आणि मुलींविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण विचारणा याचीच होते. गेल्या हिवाळ्यापासून केळव्याच्या वाटेवर आमच्या घरच्या चौघीजणी येतात. अडचण लोकांच्या नजरेची असेल असे आम्हाला वाटले होते. निघाली ओढणीची. ओढणी किंवा बुरख्याचा घेर चेनमध्ये किंवा मागच्या चाकाच्या तारांमध्ये गेला तर माणूस जागच्या जागी फेकला जातो. चेनवर पूर्ण झाकण असलेली, मागच्या चाकाला जाळी असलेली लेडीज सायकल घ्यावी. ओढणीची दोन्ही टोके कमरेला पिनने बांधावीत, सलवारची मोहरी रबराने आवळावी. हेल्मेटखाली पातळ सुती स्कार्फ, गाठ मागे नको, नाहीतर हेल्मेट कपाळावर घसरते. ते भुवयांच्या वर दोन बोटे बसले पाहिजे. मामूंची बारावीतली नात आता आमच्यापेक्षा चांगली पंक्चर काढते, आणि हे ती दर रविवारी ऐकवते.

रमजानचाही हिशेब आहे. २०२६ मध्ये पहिला रोजा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा, असा एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होईल. म्हणजे पुढची काही वर्षे आपला सायकलचा मोसम आणि रोजे एकत्र येणार. आम्ही त्या महिन्यात अस्रनंतर सात-आठ किलोमीटर, गप्पा मारत, घामही न येता चालवतो आणि इफ्तारला घरी असतो. दम दाखवायचा तो महिना नव्हे.

ज्यांच्या मुलांना याहून पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी ब्रेवे हा प्रकार आहे. यात शर्यत नसते, ठरलेल्या वेळेत अंतर कापायचे असते: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. या चारही पार करणारा फ्रान्समधल्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या १२०० किलोमीटरच्या फेरीला पात्र ठरू शकतो. ती चार वर्षांतून एकदा होते, पुढची २०२७ मध्ये. आणि हे परदेशी लोकांचेच काम असे समजू नका. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत पार केली. दवाखाना सांभाळून सराव केलेली माणसे आहेत ती.

आता गमछ्याविषयी. तो धुऊन, इस्त्री करून मुमानींनी ठेवला होता. परत करायला आम्ही दोघे सकाळी साडेसहाला वसाहतीच्या रस्त्यावर उभे राहिलो. तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. शेकडो सायकली जात होत्या आणि मागे दिवा असलेली एकही सापडेना. हिवाळ्यात सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो, रात्रपाळीला जाणारे तर पूर्ण अंधारातच असतात. तिसऱ्या दिवशी तो भेटला. कापला गेलेला अर्धा दिवस भरून द्यायला आम्ही पाकीट पुढे केले, त्याने हात मागे घेतला. "चाचा कैसे हैं?" एवढेच विचारले. मग आमच्यातल्या मेडिकलवाल्याने खिशातला लाल लुकलुकणारा दिवा काढून त्याच्या सीटखाली लावला. तो मात्र त्याने घेतला, आणि म्हणाला, "हमारे कमरे में छह साइकिल और हैं."

त्या सहा झाल्या. नंतर आम्ही आपापसांत पैसे काढून आणखी चाळीस दिवे आणले. मोसमाचा पहिला रविवार यंदा असा गेला. फजर झाली, बोईसरला पोहोचलो आणि पावणेसात ते साडेसात सीटखाली दिवे बसवत उभे राहिलो. काहींनी नको म्हटले, एकाने विचारले किती पैसे, एकाने विचारले कुठल्या पक्षाचे. सव्वीस लागले, चौदा उरले.

मामू आले होते, रिक्षाने. स्क्रू पिळायला त्यांचा उजवा हात अजून पुरता वळत नाही, म्हणून ते दिवे पेटवून पाहायचे काम करत होते. परत निघताना नातीची सायकल धरून म्हणाले, "जरा दे, फाटकापर्यंत." तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही मुमानींचा चेहरा आठवला आणि कुणीच काही बोललो नाही. मामूंनी सीट बोटांनी चाचपली, पाय टाकला आणि कडेपासून दोन फूट आत, सावकाश, फाटकापर्यंत गेले.