शब्द उसना चालेल, बेफिकिरी नको

१६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याच काळात महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला आणि कारभारातल्या अरबी-फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. तो गड महाड तालुक्यातला. आज त्याच महाड-पोलादपूरच्या बाजारात कान देऊन ऐकावे, तर दर वाक्याला ‘बेसिकली’ आणि ‘ॲक्च्युअली’! ‘मला मदत कर’ऐवजी ‘माझी मदत कर’ ही हिंदीची उसनवारीही आता रुळली आहे.

शब्दांचे सोवळे मी पाळत नाही. कोश झाला तरी अर्ज, दप्तर, जमीन मराठीत राहिलेच. चेक, पासबुक तर वाडीवाडीवर पोचले. उसना शब्द लोकांनी पचवला की तो आपलाच. चीड येते ती बेफिकिरीची.

माझी नोकरी बँकेतली. ‘आजी, खातं डॉरमंट झालंय, केवायसी पेंडिंग आहे,’ असे म्हणून पुढच्या माणसाला हाक मारणारे तरुण मी पाहिले आहेत. आजी मान डोलावते आणि रिकाम्या हाताने परतीची एसटी धरते. ‘दोन वर्षांत तुम्ही पैसे भरले नाहीत, काढले नाहीत, म्हणून खाते थांबले आहे. आधारकार्ड आणि फोटो आणा, पुन्हा चालू करू,’ एवढे सांगायला असा किती वेळ लागतो?

पैसे तिचे, खाते तिचे. तिला कळेल असे बोलणे हे काउंटरमागच्या माणसाचे कामच आहे. ती एसटीत बसण्याआधी ते व्हायला हवे.