सर्व्हरची यादी कोणाच्या हाती?

चीनमधल्या ‘क्लोविंडी’ या टोपणनावाच्या प्रोग्रामरने २०१२ मध्ये सरकारी फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरची अडवणूक, ओलांडण्यासाठी दुसऱ्या सर्व्हरमार्फत वाहतूक नेणारे शॅडोसॉक्स हे प्रॉक्सी साधन जगासमोर आणले, तेव्हा ते वापरणे हे जाणकारांचेच काम होते. परदेशात सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि त्याचा पत्ता, पोर्ट, पासवर्ड व एन्क्रिप्शनची पद्धत संगणकावर भरायची. मोबाइलवर पुन्हा तोच खटाटोप, फार तर क्यूआर कोड स्कॅन करायचा. ऑगस्ट २०१५ मध्ये पोलिसांनी काम थांबवायला सांगितल्याचे लिहून त्याने गिटहबवरचा कोड काढून टाकला. पण तोवर प्रती सर्वत्र पोचल्या होत्या. त्यानंतरच्या काळाचा इतिहास सहसा प्रोटोकॉलच्या नावांनी सांगितला जातो: व्हीमेस, ट्रोजन, व्हीलेस. माझ्या मते सामान्य माणसासाठी खरा बदल घडवला तो सबस्क्रिप्शन लिंकने, आणि या काळातला सर्वांत मोठा धोकाही तिच्यातूनच आला.

ही लिंक म्हणजे असे सर्व्हर पुरवण्याची सेवा देणाऱ्याने ग्राहकाला दिलेला एक वेब-पत्ता. विंडोजवरच्या व्ही-टू-रे-एनमध्ये किंवा अँड्रॉइडवरच्या व्ही-टू-रे-एनजी या ॲपमध्ये तो सबस्क्रिप्शनच्या रकान्यात पेस्ट करून अपडेट केले, की सर्व्हरची अख्खी यादी उतरते. पलीकडून येते ती बेस-६४ पद्धतीने लिहिलेल्या अक्षरांची सलग रांग. ती उलगडली की दर ओळीला एक सर्व्हर. २०१८ मध्ये आलेल्या क्लॅश या प्रोग्रामने याच कल्पनेला यामल या मांडणीतल्या फाइलची जोड दिली. त्या फाइलमध्ये सर्व्हरबरोबर त्यांचे गट आणि नियमही असतात. देशातली संकेतस्थळे थेट उघडावीत आणि अडवलेली प्रॉक्सीतून जावीत, हे त्या नियमांनी ठरते. किती डेटा वापरला आणि मुदत कधी संपते, हेही उत्तरासोबत येऊ शकते.

या सोयीची गरज फायरवॉलच्या वाढत्या हुशारीमुळे निर्माण झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, की चीनची यंत्रणा जोडणीतल्या पहिल्या पॅकेटची लांबी आणि त्यातली यादृच्छिकता पाहून शॅडोसॉक्सचा संशय घेते आणि मग स्वतः त्या सर्व्हरला चाचपून बघते. नोव्हेंबर २०२१ पासून तर पूर्णपणे एन्क्रिप्टेड दिसणारी वाहतूक नुसत्या निरीक्षणावरूनही अडवली जाऊ लागली. सर्व्हर कधी बंद पडेल याचा भरवसा नसताना दर वेळी चार तपशील हाताने भरणे किती जणांना झेपले असते? लिंक तीच राहते आणि तिच्यामागची यादी बदलते, म्हणून अडवणुकीच्या वेगाशी बरोबरी करता आली.

पण ही लिंक म्हणजेच पासवर्ड आहे, हे फार कमी जणांना उमगले. तिच्यातल्या टोकनवर, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणाऱ्या अक्षरांवर, सगळे सर्व्हर आणि ग्राहकाच्या वाट्याचा सगळा डेटा उघडतो. एका ॲपची मांडणी दुसऱ्याला चालत नाही, म्हणून लोक रूपांतर करून देणाऱ्या संकेतस्थळांवर लिंक सर्रास पेस्ट करतात आणि अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली देतात. शिवाय यादीबरोबर नियमही बाहेरून आले, की आपली वाहतूक कुठून जावी हे दुसराच ठरवतो.

यावर जाणकारांचा आक्षेप असा, की प्रत्येकाने स्वतःचा सर्व्हर उभारावा. ज्याला जमते त्याने जरूर उभारावा. पण एकच पत्ता असलेला माणूस तो अडवला जाताच अडकतो, आणि सर्व्हर सांभाळण्याचे ज्ञान ही वाचनाची पूर्वअट होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप असा, की या साधनांनी गुन्हेगारांना आडोसा मिळतो. तसा गैरवापर होऊ शकतो, हे मी नाकारत नाही. तरीही कोणाची वाट अडली आहे तेही पाहावे. एप्रिल २०१९ पासून चीनमध्ये सर्व भाषांतला विकिपीडिया बंद आहे. तिथे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला मराठी विकिपीडियाही सरळ उघडता येत नाही. ज्ञानकोश वाचण्यासाठी आडवाट धरावी लागत असेल, तर दोष वाचणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये क्लॅश आणि क्लॅश फॉर विंडोजचे कोडसंग्रह गिटहबवरून नाहीसे झाले, तेव्हा या साऱ्याची कसोटी लागली. लोकांच्या लिंका मात्र निकामी झाल्या नाहीत. यामलची मांडणी सर्वांना ठाऊक होती, म्हणून मिहोमोसारखा वारसदार त्याच लिंका वाचू शकला. ॲप आणि ते लिहिणारा यांच्यापेक्षा मांडणीचा खुलेपणा जास्त टिकाऊ ठरला. पुढची दिशाही यातूनच ठरते: रूपांतर आपल्याच यंत्रावर व्हावे, आलेले नियम वापरण्याआधी ॲपने ते दाखवावेत, आणि लिंक कोणालाही देण्याआधी बँकेच्या पिनइतका विचार व्हावा. सोय सोडायची गरज नाही; यादी दुसऱ्याने बनवली तरी ती तपासण्याचा आणि नाकारण्याचा हक्क वापरणाऱ्याकडे राहिला पाहिजे.