टर्कीची शिकार आणि लहान व्यासाच्या शॉटगन

पक्षी : रानटी टर्की, शास्त्रीय नाव मेलिआग्रिस गॅलोपाव्हो. मूळ उत्तर अमेरिकेतला. वसंतातील हंगामात अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत नर किंवा छातीवर ‘दाढी’ (केसांसारख्या पिसांचा झुपका) असलेला पक्षीच टिपता येतो.

गेज म्हणजे काय? शॉटगनच्या नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा घ्यायचा. एका पौंडात असे जितके गोळे होतात, तितके गेज. म्हणून आकडा मोठा, तितकी नळी अरुंद.

नळीचा व्यास (सुमारे) :
- १२ गेज : १८.५ मिमी
- २० गेज : १५.६ मिमी
- २८ गेज : १४ मिमी
- .४१० : १०.४ मिमी. हा आकडा गेजचा नसून इंचातील व्यासाचा.

छर्‍यांची घनता (ग्रॅम प्रति घनसेंमी, सुमारे) :
- पोलाद : ७.८
- शिसे : ११
- टंगस्टन सुपर शॉट : १८

घनतेचा परिणाम : जड धातूचा छर्रा लहान असूनही खोल शिरतो. ९ नंबरचा टंगस्टन छर्रा सुमारे २ मिमीचा, ५ नंबरचा शिशाचा सुमारे ३ मिमीचा. तेवढ्याच वजनात लहान छर्रे जास्त मावतात. त्यामुळे छोट्या काडतुसातूनही दाट मारा होतो.

नेम : डोके आणि मान. छर्रे एकवट राहावेत म्हणून नळीच्या तोंडाशी घट्ट चोक (तोंड अरुंद करणारा भाग) लावतात.

लहान व्यासाचे फायदे : हलकी बंदूक, साधारणपणे कमी धक्का.

मर्यादा : टंगस्टनची काडतुसे महाग. शिशाच्या छर्‍यांसह .४१० चा प्रभावी पल्ला कमी.

नियम : बंदुकीच्या नळीचा व्यास आणि छर्‍यांचा आकार यांबाबत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे.